मोरीच्या तेलातला चेंडू

उन्हात कापड आधी मरत नाही, दोरा आधी मरतो. ताडपत्री वरून धडधाकट दिसते, पण शिवणीवर नख ओढलं की दोरा पिठासारखा झडतो. मग एक दिवस शमाल सुटते, म्हणजे तिकडचा उत्तरेचा वारा, आणि अख्खं छप्पर उडून समुद्रात जातं. छप्पर उडायच्या आधी ते शिवणं हे आमचं काम होतं. उडाल्यावर शोधून आणून शिवणं, हेही आमचंच.

मी कतरमधल्या मेसईदला तेलकंपनीच्या शिवणशेडमध्ये होते. तेव्हा त्या गावाला उम्म सईद म्हणत. गाव कसलं, बोटींचा धक्का, तेलाच्या टाक्या, साहेबांचे बंगले आणि आमच्या खोल्या. आमचे हे रत्नागिरीकडचे शीड शिवणारे. माझे बाबाही तेच काम करायचे, म्हणून तर सोयरीक जुळली. गलबतांना इंजिनं आली, शिडांचं काम आटलं, तेव्हा हे कतरला कंपनीत लागले. पुढे मडमांची मापं घ्यायला आणि पडदे शिवायला बाईमाणूस पाहिजे म्हणून मलाही बोलावून घेतलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण दाभणाला शाळा लागत नाही.

शेडच्या मागच्या अंगाला ताडपत्रीचा एक पडदा होता. त्याच्या आड मी बसायची. तो लावायला कोणी सांगितलं नव्हतं, मीच लावला होता. मला परक्या माणसांसमोर बोलायला जमत नाही, आता या वयातही जमत नाही. साहेब पुढून यांच्याशी हिंदीत बोलत, सामान पडद्याखालून आत सरके, शिवून झालं की तसंच बाहेर जाई. काही साहेबांनी इतक्या वर्षांत माझे फक्त हात पाहिले असतील.

तंबू शिवले, बोटींवरची छतं शिवली, पाणी गार ठेवायच्या कापडी पिशव्या शिवल्या. एका मडमेने तिच्या कुत्र्याला वाळू लागू नये म्हणून ताडपत्रीचा अंगरखा शिवून घेतला. तो चढवल्यावर कुत्रं जागेवरून हलेना. मडम म्हणाली, माप चुकलं. मी परत माप घेतलं. माप बरोबर होतं, कुत्र्याला अंगरखा मान्य नव्हता.

पण परवा नातीने विचारलं, "नानी, तिकडे सगळ्यात विचित्र काम कोणतं केलंस?" तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघालं, चेंडू. नात आता तिकडेच, दोह्याला वेस्ट बेच्या उंच इमारतीत नोकरी करते. ती म्हणाली, लिहून ठेव. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. म्हणजे हे कोण वाचणार, ठाऊक नाही. त्यामुळेच लिहायचा धीर होतो आहे.

कंपनीत इंग्रज साहेब जास्त, अमेरिकन थोडे. इंग्रज क्रिकेट खेळत, ते आम्हाला माहीत होतं. अमेरिकनांचा खेळ बेसबॉल. एक जण चेंडू फेकतो, दुसरा गोल दांडक्याने मारतो, आणि जमिनीवर ठेवलेल्या चार ठिकाणांना पाय लावत जिथून निघाला तिथे परत येतो. त्या शेवटच्या जागेला ते घर म्हणतात. घरी पोचला की एक गुण. बाकीची तीन ठिकाणं म्हणजे ताडपत्रीच्या चपट्या उशा. त्या मीच शिवल्या होत्या, आत लाकडाचा भुसा भरून.

ह्यांना कोणीतरी खेळ समजावला तेव्हा हे मला म्हणाले, "अगो, घरून निघायचं, धापा टाकत फिरायचं आणि घरीच परत यायचं. आपण तेच करतो, आपल्याला कोणी टाळ्या वाजवत नाही."

त्यांच्या चेंडूत लोकरीच्या दोऱ्याचा घट्ट गुंडा असतो, वरून पांढऱ्या चामड्याचे दोन तुकडे लाल दोऱ्याने शिवलेले असतात. चेंडू बोटीने येत आणि वाळूत घासून लगेच उसवत. मग टोपलीभर चेंडू पडद्याखालून आत सरकत. मी दोऱ्याला मेण लावून ते शिवायची. शिडाची शिवण आणि चेंडूची शिवण यांत फारसा फरक नाही. शीड वाऱ्याचा मार खातं, चेंडू दांडक्याचा.

एकदा हे आणि मी स्टोअरच्या वॉल्टर साहेबांच्या बंगल्यावर पडद्यांची मापं घ्यायला गेलो होतो. वॉल्टर साहेब अमेरिकन, उंच, दोन शब्दांच्या मध्ये चहा गार होईल असं बोलणारे. त्यांच्या फळीवर एक काचेची बरणी होती. आपण लोणच्याला वापरतो तशी, पण आत चेंडू. जुना, काळपट, आताच्या चेंडूपेक्षा लहान. त्याचं चामडं एकाच तुकड्याचं होतं, सोललेल्या मोसंब्याच्या सालीसारख्या चार पाकळ्या वर एकत्र आणून शिवलेल्या. मी माप विसरून ती शिवणच बघत राहिले.

तेवढ्यात एमेट साहेब आले. हे नवीनच आले होते, नळांच्या वेल्डिंगवर. बुटके, मान लाल, बोलताना हात थांबत नसत. त्यांनी बरणी पाहिली.

"हा कुठला?"

"आजोबांचा. आमच्या गावचा," वॉल्टर साहेब म्हणाले आणि गावाचं नाव सांगितलं.

एमेट साहेबांनी कप खाली ठेवला. "नदीच्या त्या बाजूचं गाव?"

"त्या बाजूचं म्हणजे?"

"म्हणजे चुकीच्या बाजूचं. हा चेंडू आमचा आहे."

सगळं इंग्रजीत चाललेलं, पुढचं भांडण तर मोठ्याने झालं. ह्यांनी खोलीवर आल्यावर मला नीट सांगितलं. दोघांची गावं अमेरिकेत एकाच नदीच्या दोन काठांवर. त्यांच्या आजोबांच्या काळात रीत अशी होती की सामन्याला चेंडू एकच. हरलेल्यांनी तो जिंकलेल्यांना देऊन टाकायचा. जिंकलेले त्यावर सोनेरी रंग देऊन दोन्हीकडचे गुण लिहीत आणि काचेत मांडून ठेवत. नदीकाठच्या ह्या दोन गावांचा सामना झाला, गुण बरोबरीत आले, दिवस मावळायला आला. शेवटी एमेट साहेबांच्या आजोबांनी असा टोला मारला की चेंडू रस्त्याने जाणाऱ्या गवताच्या गाडीत जाऊन पडला. गाडीवान झोपलेला. घोडे घराच्या वाटेला लागलेले. गाडी गेली, चेंडू गेला.

एमेट साहेबांचे आजोबा घरी पोचले, म्हणून त्यांचं गाव म्हणे आम्ही जिंकलो. वॉल्टर साहेबांचं गाव म्हणे चेंडू हरवला, तो टोला मोजायचा नाही. पुढे गवत उतरवताना चेंडू सापडला तो नेमका वॉल्टर साहेबांच्या आजोबांच्या गोठ्यात, कारण गाडी त्यांची होती. तेव्हापासून चेंडू त्यांच्या घरात, आणि नदीपलीकडच्यांच्या तोंडी ते चोर. चेंडूवर काहीच लिहिलेलं नव्हतं. ना रंग, ना आकडा.

"आणि ते दोघे नातू इथे, वाळवंटात भेटले?" मी विचारलं.

"भेटले नाहीत गो, भिडले," हे म्हणाले.

छावणीत करमणूक म्हणून काही नसे. त्यामुळे आठवड्याभरात धक्क्यावरचे हमालही त्या गवताच्या गाडीबद्दल मत देऊ लागले. शेवटी ठरलं की हिवाळ्यात एका शुक्रवारी सामना जिथे थांबला तिथून पुढे खेळायचा. एमेट साहेबांनी आजोबांच्या जागी दांडकं घ्यायचं, वॉल्टर साहेबांनी चेंडू फेकायचा. जिंकेल त्याचा चेंडू. पंच म्हणून छावणीचे मॅनेजर साहेब. ते इंग्रज, त्यांना हा खेळ येत नव्हता, म्हणून ते निःपक्ष. आणि खेळायचं त्याच चेंडूने. चेंडू दुसरा असेल तर सामना दुसरा, यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

अडचण एकच. चामडं सुकून शिवण उकलली होती. चेंडू शेडवर आणायचा झाला, तर आणायचा कोणी? एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. शेवटी दोघांनी मिळून ती बरणी धरून आणली. एक ताडमाड, एक बुटका, बरणी मध्ये तिरकी, आणि दोघं पाय जुळवत चाललेले. मी पडद्याच्या भोकातून पाहिलं आणि ओढणी तोंडात कोंबली.

"हिच्याकडे राहील," वॉल्टर साहेब ह्यांना म्हणाले. "तुझ्याकडे नाही. तू आमच्या दोघांशी बोलतोस. ती कोणाशीच बोलत नाही."

शेडचा चौकीदार जासिम तिथेच दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलेला असे. कतरी म्हातारा, तरुणपणी मोत्यांसाठी बुड्या मारलेला. मुंबईच्या व्यापाऱ्यांमुळे त्याला कामापुरती हिंदी येई. साहेब गेल्यावर तो पडद्याकडे तोंड करून म्हणाला, "बहन, ये अमाना है. दोन भांडणाऱ्यांची अमाना. हरवली, बिघडली, तर कयामतच्या दिवशी दोघं तुलाच विचारतील."

आमच्याकडेही अमानत म्हणजे अमानत. आपल्या हातात दिलेली वस्तू जशी दिली तशी परत द्यायची, मग ती सोन्याची बांगडी असो की उसवलेला चेंडू. मला जेवण गोड लागेना. बरणी मी तांदळाच्या पिंपात ठेवली. हे रोज विचारत, "आहे ना गो?" आणि मी रोज हात घालून बघायची.

त्या दिवसांत हवा फार दमट होती. नंतर एकदम कोरडी झाली. चामडं तडकायला लागलं. शिवताना बाबा तळहाताला बांधत तो चामड्याचा पट्टा, शिडाच्या कडांना लावलेलं कातडं, ही सगळी खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं टिकत, कारण बाबा त्यांना मोरीचं तेल लावत. मोरी म्हणजे शार्क मासा, तिच्या काळजाचं तेल. गलबताच्या फळ्यांनाही तेच. मी पडद्याआडून जासिमला विचारलं, इकडे मिळतं का? म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. त्यांच्याही होड्यांना तेच लावत. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन हजर. झाकण उघडलं आणि मला एकदम बाबांच्या हाताची आठवण आली.

मी चेंडूला थोडं थोडं तेल पाजलं. चामडं खजुरासारखं मऊ आणि चमकदार झालं. मग जुन्याच भोकांतून, एकही नवं भोक न पाडता, शिवण घातली. ह्यांनी चेंडू हातात फिरवला. जासिमने फिरवला. "माशाल्ला," म्हणाला. आम्ही तिघं इतके खूश होतो.

वासाचं तिघांच्याही ध्यानात आलं नाही. आमची नाकं त्या वासातच जन्मली होती. आम्हाला तो वास म्हणजे चांगल्या राखणीचा वास.

शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर सगळी छावणी मैदानावर. मैदान म्हणजे वाळू, धूळ बसावी म्हणून तिच्यावर कच्चं तेल शिंपडलेलं. मी ट्रकच्या मागच्या हौद्यात, ताडपत्रीच्या आत बसून फटीतून बघत होते. ह्यांनी चेंडू फडक्यातून काढून वॉल्टर साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी चेंडू पाहिला, खूश झाले. मग हुंगला. मग परत हुंगला.

"काही अडचण?" मॅनेजर साहेबांनी विचारलं.

"नाही," वॉल्टर साहेब म्हणाले. "जुना आहे. वास यायचाच."

त्यांनी पहिला चेंडू फेकला, एमेट साहेबांचं दांडकं हवेत फिरलं. तेवढ्यात एक मांजर येऊन वॉल्टर साहेबांच्या पायाशी बसलं. धक्क्यावरच्या गोदामांत उंदरांसाठी कंपनीने मांजरं पाळली होती. ती मासळीच्या डोक्यांवर वाढलेली. साहेबांनी त्याला पायाने बाजूला केलं. दुसरा चेंडू फेकेपर्यंत मांजरांची रांग लागली होती. एक मी शिवलेल्या उशीवर बसलं, दोन मॅनेजर साहेबांच्या खुर्चीखाली. सगळ्यांची मान चेंडूबरोबर वळत होती. माणसांपेक्षा मांजरांचंच लक्ष जास्त होतं.

तिसऱ्या वेळी एमेट साहेबांनी टोला मारला. काय आवाज आला! चेंडू उंच गेला, पलीकडे पडला, आणि पकडायला धावणाऱ्या माणसाच्या पुढून मांजरांचा लोंढा गेला. एका कान तुटलेल्या पिवळ्या बोक्याने चेंडू तोंडात धरला आणि थेट गोदामाखाली. गोदाम ठोकळ्यांवर उभं होतं, खाली माणूस शिरेल एवढी जागा नव्हती.

एमेट साहेब धावत होते. तिसऱ्या उशीपाशी त्यांनी मागे वळून पाहिलं, बोका पाहिला, हसू फुटून पडले, आणि रांगत घरी पोचले.

"चेंडू हरवला!" वॉल्टर साहेब ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते पटकन बोलले असतील. "मोजायचं नाही!"

"हरवला कुठे? कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे!"

"मग काढून दाखव!"

"काढायचं काम माझं नाही, तुझ्या माणसांचं! आणि यावेळी गाडी कोणाची, बोका कोणाचा?"

दोघं पंचांकडे वळले. मॅनेजर साहेबांनी पाइप तोंडातून काढला. "क्रिकेटमध्ये," ते म्हणाले, "चेंडू हरवला तर सहा धावा देतात."

त्यावर दोघंही मिळून मॅनेजर साहेबांच्या अंगावर गेले. सामना सुरू झाल्यापासून ते एका बाजूने बोलले ते तेव्हाच.

शेवटी जासिमने दोरीला सुक्या मासळीचं शेपूट बांधलं आणि गोदामाखाली सोडलं. बोका मासळीवर आला, चेंडू तिथेच टाकून. काठीने ओढून काढला तेव्हा चारी पाकळ्या उघडलेल्या, लोकरीचा दोरा वाळूत पसरलेला, आणि मधून काहीतरी गोल, काळं, कडक घरंगळत वॉल्टर साहेबांच्या बुटापाशी आलं.

जासिमने ते उचललं. "मासा," म्हणाला. "माशाचा डोळा."

वॉल्टर साहेब वाळूतच बसले. "आजोबा सांगायचे," ते म्हणाले, "रबर मिळत नसे तेव्हा नदीतल्या मोठ्या माशाचा डोळा मध्ये घालून चेंडू बांधत. मला वाटायचं थापा आहेत."

एमेट साहेबही वाकून बघत होते. मग हळूच म्हणाले, "नदी आमच्याही बाजूने वाहते. मासा कुठल्या काठाचा?"

मॅनेजर साहेबांनी चामडं नाकाशी नेलं आणि लांब धरलं. "पण ह्याला हे लावलं कोणी?"

ह्यांनी मान खाली घातली. मॅनेजर साहेबांच्या एका शब्दावर आमची नोकरी, आमची खोली. पण खरं सांगते, मला त्या वेळी खोली आठवली नाही. मला तो वाळूत पसरलेला दोरा दिसत होता. वारा सुटत होता, आणि एक टोक मांजराच्या पंज्यात होतं. जशी घेतली तशी द्यायची वस्तू डोळ्यांदेखत चालली होती.

मी ट्रकमधून उतरले. हिंदीत म्हणाले, "तेल मी लावलं, चामडं सुकलं होतं म्हणून. चेंडू माझ्याकडे अमानत आहे. मी तो परत बांधते. सगळा दोरा गोळा करून द्या, एक तुकडाही सोडू नका."

एवढं लांब मी साहेब लोकांशी पुन्हा कधी बोलले नाही. सगळे माझ्याकडे असे बघत होते जणू पडदाच बोलला. मग आधी वॉल्टर साहेब गुडघ्यांवर बसले, मग एमेट साहेब. दोघं तेलकट वाळूत रांगत एकाच दोऱ्याची दोन टोकं गुंडाळत एकमेकांकडे आले. एमेट साहेब म्हणाले, "हे आमच्या बाजूचं टोक." वॉल्टर साहेब म्हणाले, "गप गुंडाळ." मॅनेजर साहेबांनी चहा मागवला आणि सामना स्थगित केला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत.

मी दोरा झटकला, डोळा मध्ये ठेवला, गुंडा बांधला, पाकळ्या शिवल्या. बोक्याच्या दातांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. ते दोघं मग दर शुक्रवारी शेडबाहेरच्या बाकावर येऊन बसत. म्हणायला चेंडू सलामत आहे ना ते बघायला. बसून भांडत. एखादा आला नाही की दुसरा यांना विचारी, "तो कुठे मेला?"

एकदा वॉल्टर साहेब एकटे आले आणि पडद्याजवळ वाकून म्हणाले, "बाई, तू त्याच्यावर आकडा लिहू शकतेस? छोटासा. आमच्या बाजूचा." पुढच्याच आठवड्यात एमेट साहेब एकटे आले. तेच विचारलं. मी दोघांना पडद्याखालून एकच उत्तर दिलं, "साहेब, मला फक्त मराठी लिहिता येतं." दोघंही थोडा वेळ विचार करून निघून गेले.

पुढच्या हिवाळ्याआधीच एमेट साहेबांना दुसऱ्या देशात पाठवलं. जाताना ते बाकावर एकटेच बसून गेले. मग वॉल्टर साहेबांचीही परत जायची वेळ आली. ह्यांनी बरणी पुढे केली. साहेबांनी घेतली नाही.

"मी नेला तर तो म्हणेल, पुन्हा गाडीत घालून पळवला," ते म्हणाले. "सामना संपेपर्यंत हिच्याकडेच राहू दे. एका शुक्रवारी येऊ आम्ही."

"इन्शाल्ला," जासिम म्हणाला.

मग ताडपत्रीच्या जागी पत्रे आले, शेड बंद झालं, आम्ही रत्नागिरीला परतलो. मुंबईच्या धक्क्यावर कस्टमवाल्याने बरणीचं झाकण उघडलं, लगेच लावलं आणि आमच्या सगळ्याच सामानावर खडूने खूण करून आम्हाला जायला सांगितलं. आता हे नाहीत. जासिम तर कधीच गेला. ते दोघं साहेब असतील असं वाटत नाही, असले तरी दांडकं उचलवणार नाही. त्यांना नातू असतील. मी मुलीला सांगून ठेवलंय की कोणी आला आणि गवताच्या गाडीची गोष्ट बरोबर सांगितली, तर त्याला आधी बसव, चहा दे, आणि दुसरा येईपर्यंत चेंडू देऊ नकोस.

नात म्हणते, "नानी, आता तरी त्यावर काहीतरी लिही, मराठीत लिही." मी लिहीत नाही. अमानतीवर आपण लिहायचं नसतं.

दरवर्षी पावसाळा सरला की मी बरणी उन्हात उघडते आणि चेंडूला मोरीचं तेल लावते. आता हात कापतात, तेल साडीवर सांडतं. शेजारची मांजरं कुठून कुठून येऊन अंगणात ओळीने बसतात आणि माझ्या हातांकडे बघत राहतात. मी काठी जवळ घेऊन बसते. सामना अजून संपलेला नाही.